दोनशे चौदा कडवी

धनेशच्या हळदीला तीन दिवस उरले आणि मैनाआत्याचा आवाज गेला.

गेला म्हणजे बसला नाही. बसलेला आवाज आलं-गुळाने उठतो, नाहीतर कुणाला दोन शिव्या घातल्या की मोकळा होतो. आत्याचा आवाज खाजणातल्या ओहोटीसारखा निघूनच गेला. अलिबागच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. सोबत गेलेल्या नामाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, बोलायचं न्हाय ते समजलं, पण गायला चालंल ना?

नामा म्हणजे धनेशचा बाप. दोन ट्रक, एक टेम्पो आणि वालाचं एक शेत एवढ्यावर तो राजासारखा जगायचा. बाकी बाबतीत तो चारचौघांचं ऐकायचा, पण घरच्या लग्नात धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, पाहिजेत म्हणजे पाहिजेत. आगऱ्यांच्या मांडवात भटजी येतो आणि जातो. कार्य तडीला नेते ती धवलारीण. पाटाजवळ बसून ती एकेक कडवं गाते आणि कडव्यात येतं ते मांडवात होतं. हळद दळायला पाच जणी या, म्हटलं की पाच जणी उठतात. पाणी आणा, म्हटलं की घागर येते. नामाच्या गावात तर नेमच होता की मांडवात गायलेलं कडवं माघारी घ्यायचं नाही. तोंडातून निघालं ते करायचं, अवघड असो की लाजिरवाणं. मैनाआत्या नामाची चुलतबहीण. चाळीस वर्षं आसपासच्या पाच गावांची लग्नं तिच्या गळ्यातून पार पडली होती, आणि तिच्यामागे शिकलेली दुसरी कुणी नव्हती.

कुणी नव्हती असं सगळे म्हणाले, आणि मग सगळ्यांनी नेत्राकडे पाहिलं.

नेत्रा ही धनेशची मोठी बहीण. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षं संशोधन करत होती आणि सणासुदीला बोटीने मांडव्याला उतरून घरी यायची. ती नेमकं काय करते हे गावात दोन तऱ्हांनी सांगितलं जाई. आई सांगायची, ती पेशी बघते. नामा सांगायचा, ती कापून जोडते. आपल्या गॅरेजातला सदा पत्र्याचं करतो तेच, फक्त बारीक. नेत्राने एकदोनदा दुरुस्त करून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण नामाचं सांगणं फारसं चूक नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिने आत्याचे सगळे धवळे फोनवर घेऊन वहीत उतरवले होते. आत्या ओटीवर बिरड्याचे वाल सोलत गायची आणि नेत्रा तिच्या पायाशी बसून लिहायची. एका दुपारी आत्या थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, माजं झालं, आता तुजं काय चालतं ते मना सांग.

नेत्राने पुढ्यातलेच वाल ओळीत मांडले. म्हणाली, पेशीत जनुक असतं, ते एक लांबलचक गाणं समज. ते जसंच्या तसं कुणी गात नाही. आधी त्याची नक्कल उतरते, मग नकलेतले मधले मधले तुकडे कापले जातात, उरलेले जोडले जातात, आणि त्या जोडलेल्यावरून प्रथिन बनतं. गंमत पुढेच आहे. कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला गाळायचा हे दर वेळी एकसारखं नसतं. मेंदूत एक जोडणी, काळजात दुसरी. गाणं एकच, प्रथिनं निराळी. आणि प्रथिनं एकेकटी काही करत नाहीत, एकमेकांना धरून करतात. एखादा तुकडा गळला की प्रथिनाचा एखादा हातच गळतो. मग ज्याला धरायचं त्याला ते धरत नाही, भलत्यालाच जाऊन धरतं.

भलत्याला धरण्याचं आत्याला लगेच पटलं. तिने दोन लग्नं तशी पाहिली होती.

मग नेत्राने तिला एका प्रथिनाची गोष्ट सांगितली. ते पेशीच्या कातडीत रुतून बसतं आणि बाहेरून 'मर' असा निरोप आला की तो आत पोचवतं, पेशी मरते. पण त्याच्या गाण्यातला एकच तुकडा गाळला की त्याला कातडीत रुतता येत नाही. ते सुटून बाहेर तरंगत राहतं आणि निरोप वाटेतच पकडून ठेवतं. पेशी वाचते.

आत्याने वालाचं साल थुंकल्यासारखं उडवलं. म्हणाली, म्हंजे घरात बसवला तर पत्र वाचून रडतो, आनि नाक्यावर उभा क्येला तर पोस्टमनलाच धरून ठेवतो. मानूस एकच.

"आणि माझं काम कशावर आहे माहितीये?" नेत्रा रंगात आली होती. ही सगळी कापाकापी करायला लावणारं एक प्रथिन आहे, तिने सांगितलं. ते फार झालं की ते आपल्याच गाण्याच्या जोडणीत एक नको असलेला तुकडा ठेवून देतं. त्या तुकड्यात नुसतं 'थांब' लिहिलेलं. निरोप अर्ध्यात तुटतो, पेशी तो फाडून टाकते आणि प्रथिन आपोआप कमी होतं. स्वतःच्या हाताने स्वतःला आवर.

"म्हंजे माजं इड्याचं कडवं," आत्या म्हणाली. दमायला झालं, गर्दी फार उसळली, की ती विड्याचं कडवं घ्यायची. धवळे थांबायचे, वाजप सुरू व्हायचं, ती पान खायची. नेत्राकडे तिने जरा कीव येऊन पाहिलं. "मंग तुमी लोकांनी नवीन काय शोधलंत?"

वही पुरी झाली तेव्हा दोनशे चौदा कडवी भरली. नेत्राने एकही सोडू दिलं नव्हतं. आठवतंय तेवढं सगळं सांग, असा तिचा धोशा होता, म्हणून आत्याने चाळीस वर्षांतलं सगळं ओतलं. पहिल्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचं, बिजवराचं, खाडीपलीकडून आलेल्या नवऱ्याचं, आई नसलेल्याचं, बाप बोटीवर अडकलेल्याचं. नेत्राने पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात 'संपूर्ण धवळे' असं लिहिलं. आत्याने ती जाडजूड वही हातात तोलली आणि म्हणाली, येवढं कंदी कुनी गायलं न्हाय. नेत्राला ते कौतुक वाटलं.

तर आता ती वही घेऊन नेत्राने बसायचं ठरलं. चाली तिला पाठ होत्या, गळा बरा होता. आत्याने मान हलवून रुकार दिला. पण धनेशच्या हळदीला यातली कुठली कुठली कडवी घेऊ, म्हणून नेत्राने पेन्सिल पुढे केली, तेव्हा आत्याने पेन्सिल बाजूला सारली. दोन बोटं आपल्या डोळ्यांवर ठेवली आणि तीच बोटं रिकाम्या मांडवाकडे फिरवली. तिथे बसल्यावर माणसं बघायची आणि मग ठरवायचं. नेत्राला ते कळलं. कळलं म्हणूनच ते तिला नको होतं.

कारण मांडवात कोंडाजीमामा येणार होता.

कोंडाजीमामा हा आईचा एकुलता भाऊ, पालीच्या बाजूचा. बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी यायच्या आधीच्या शेवटच्या वर्षी त्याने आणि नामाने मिळून एक गाडी उतरवली होती. एक बैल नामाचा, एक कोंडाजीचा, जू एकच. किनाऱ्यावर गाडी सर्वांच्या पुढे होती, आणि निशाण दिसायला लागलं तशी ती वळली आणि सरळ दर्यात गेली. कंबरभर पाण्यात उभं राहून नामा म्हणाला, तुझ्या बैलाने ओढली. कोंडाजी म्हणाला, तुझ्या बैलाने ढकलली. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. बंदी आली, बंदी उठली, दोन्ही बैल म्हातारे होऊन गेले, तरी तो दर्या ओसरला नाही.

मधल्या मध्ये आईचं माहेर बुडालं. ती तक्रार करत नसे. महिन्या दोन महिन्यांनी तिला एकदम बल्लाळेश्वराची आठवण यायची आणि ती पालीला जायची. पिशवीत वर नारळ, खाली सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी. नारळ देवळात चढायचा आणि पुडी एसटी स्टँडवर भावजयीच्या हाती पडायची. कोंडाजी ते सोडे खायचा आणि कुठून आले ते विचारायचा नाही. आईचं बारा वर्षांचं माहेर एवढंच होतं.

आता तो भाच्याच्या हळदीला येतो म्हणाला होता, पण एका अटीवर. धवळ्यांत पाय धुण्याचं एक कडवं आहे. नवऱ्याच्या बापाने मामाच्या पायांवर पाणी घालायचं. ते कडवं गाळलं तर मी तसाच परत जाईन आणि पुन्हा या घरचं पाणी पिणार नाही, असं त्याने भावजयीकडून कळवलं. नामाने आत्याला दहा दिवस आधीच सांगून ठेवलं होतं की ते कडवं तोंडातून काढलंस तर मी मांडवातून उठून ट्रक घेऊन गुजरातला जाईन. आत्या तेव्हा 'बरं' म्हणाली होती. ती दोघांनाही 'बरं' म्हणाली असती, आणि मांडवात काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते आता तिच्या बंद घशात होतं.

हळदीच्या सकाळी नामा नेत्राकडे आला आणि कडव्याची आठवण देऊन गेला. पाठोपाठ आई आली. तिने नेत्राच्या वेणीतलं सैल झालेलं फूल खोचलं, आणि ते नीट खोचलेलं असताना पुन्हा एकदा खोचलं.

नेत्राने मग तोडगा काढला, शिकलेली माणसं काढतात तसा. गाळणारी मी कोण? ती दोघांनाही म्हणाली, वहीत आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गाईन, माझ्या मनाचं काहीही घालणार नाही आणि काहीही काढणार नाही. असं म्हटल्यावर तिला फार हलकं वाटलं. सहा वर्षं ती ज्या गोष्टीवर डोळे फोडत होती ती गोष्ट तिच्या मनात त्या क्षणी आली नाही, हे नवलच. पण स्वतःच्या घरचा दिवा माणसाला तेवढा दिसत नाही.

दुपारी मांडव भरला. धनेश पाटावर बसला, अंगात बनियन, कपाळाला घाम. कोंडाजीमामा शेवटच्या रांगेत पाण्याच्या पिंपाशेजारी मनगटातलं घड्याळ बघत बसला होता. नामा पहिल्या रांगेत, पाठ ताठ. नवरीकडून तिची बहीण सोनल आली होती. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन तिला ऊन उतरायच्या आत मांडव्याकडे परतायचं होतं. परेशची बँजो पार्टी कोपऱ्यात तारा पिळत होती. आत्या नेत्राच्या मागे खांबाला टेकून बसली, गळ्याला मफलर.

सुरुवात गोड झाली.

*हळद गो हळद, माझ्या बांधावरची ताजी,*
*पाच घरच्या पाच या गो, जात्याला लागू दे बाजी.*

पाच जणी उठल्या. जातं घरघरलं. बायकांनी मागून ओळ उचलली आणि नेत्राला वाटलं, हे तर सोपं आहे. तिने पान उलटलं.

*खाडीपल्याडचा वर गो, आला भरतीवर,*
*वल्हं ठेवा मांडवात, दर्या आला घर.*

जातं थांबलं. धनेश खाडीपलीकडचा नव्हता. तो याच घरात, मागच्या खोलीत जन्मला होता. पण गायलेलं माघारी जात नाही. धनेशचा चुलता दादूकाका नव्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यात उठला आणि बंदरावर पळाला. दहा मिनिटांनी तो घामाघूम होऊन आला, हातात पुरुषभर लांबीचं ओलं वल्हं. ते कुठे ठेवायचं हे कडव्यात नव्हतं, म्हणून तो ते धरून उभा राहिला.

खांबापाशी आत्याने घसा खाकरला. तेवढंही डॉक्टरांनी मना केलं होतं. नेत्राने मागे पाहिलं नाही. तिने बोट ठेवून पुढचं कडवं घेतलं, आणि शब्द तोंडातून निम्मे बाहेर पडल्यावर तिला अर्थ लागला. पण तोवर बायकांनी ओळ उचलली होती.

*वर हाय बिजवर गो, दिवा लावा दारी,*
*पहिलीच्या नावाची गो, साडी ठेवा वरी.*

मांडवात असं काही शांत झालं की वल्ह्यावरून गळणारं पाणी ऐकू आलं. धनेशने बहिणीकडे पाहिलं. तो गोरामोरा झाला होता, हळद लागायच्या आधीच पिवळा. एका म्हातारीने नियमाप्रमाणे दारात दिवा लावला आणि साडी कुणाच्या नावाची ठेवू, असं हळूच विचारलं. सोनल उठली. तिने फोन कानाला लावला आणि मांडवाबाहेर गेली, आणि तीन मिनिटांनी पाटावर धनेशच्या खिशातला फोन थरथरायला लागला. नवरीचं नाव अमिषा. तिचा प्रश्न एकाच शब्दाचा होता आणि तो आजूबाजूच्या चौघांना ऐकू आला: "कोण?"

नेत्रा गाणं सोडून सोनलच्या मागे धावली. तिने सांगितलं, धनेशचं हे पहिलंच लग्न आहे. वहीत सगळ्या तऱ्हेच्या नवऱ्यांची कडवी आहेत, ज्या नवऱ्याला जे लागत नाही ते गायचं नसतं.

"मंग गायलात कशाला?"

"मी काही गाळलं नाही."

"गालायचं असतं ना पन?"

"असतं."

सोनलने तिला खालीवर न्याहाळलं. धनेशने सांगितलं होतं की त्याची बहीण याच गाळण्याच्या विषयात डॉक्टर होणार आहे, असं ती म्हणाली, आणि फोनवर बहिणीला कळवलं की पहिली बिहिली कुणी नाही, नणंदच जरा अशी आहे.

नेत्रा परत येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. वहीतली अक्षरं हलत होती. नजर जिथे पडली तिथून तिने सुरू केलं, आणि ते विड्याचं कडवं निघालं.

*धवलारीण दमली गो, तिला पानाचा इडा,*
*वाजंत्री घ्या हाती गो, पाहुण्यांना सोडा.*

परेश याचीच वाट बघत होता. बँजो कडाडला, ढोल फुटायला आला, आणि मांडवातली माणसं लाट उठावी तशी उठून मागच्या दारी पंगतीला गेली. हळद जात्यात अर्धी दळलेली. नवरा पाटावर कोरडा. दादूकाका वल्हं घेऊन ताटाच्या रांगेत उभा राहिला. आचाऱ्याने गर्दी पाहून पहिल्या भाताची झाकणं उघडली. कुणीतरी नेत्राच्या हातात खरोखरच विडा आणून दिला.

तिने तो तोंडात घातला. दुसरं काय करणार? चघळता चघळता तिला काचपट्टीवरच्या त्या पेशी दिसायला लागल्या, ज्यांत ती 'थांब'चा तुकडा मुद्दाम घालायची आणि तास मोजत बसायची. निरोप अर्ध्यात तुटला की पेशीत काय होतं हे तिने प्रयोगाच्या वहीत शंभर वेळा नोंदवलं होतं. भात वाया जातो, हे मात्र कधी नोंदवलं नव्हतं.

आत्या तिच्या शेजारी येऊन बसली. तिने नेत्राच्या मांडीवरची वही उचलली आणि मिटली, फाडली नाही की फेकली नाही, मिटून आपल्याच मांडीखाली घेतली आणि वर नीट बसली. मग तिने नेत्राची हनुवटी धरली आणि तिचं तोंड मांडवाकडे वळवलं.

नेत्राने पहिल्यांदा मांडव पाहिला.

पंगतीला गेलेली माणसं नामाच्या आरोळ्यांनी माघारी येत होती. सर्वांत मागे पिंपाशेजारी कोंडाजीमामा उभा राहिला होता. तो जेवायला गेला नव्हता. त्याने घड्याळावर बोट आपटून भाचीकडे पाहिलं. आता पाय धुण्याचं कडवं येणार हे त्याला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. नामाची पाठ इतकी ताठ होती की सदऱ्याच्या शिवणी दिसत होत्या. ट्रकची किल्ली त्याच्या मुठीत होती. आणि या दोघांच्या मध्ये, पाटाजवळ, आई हळदीची वाटी घेऊन उभी होती. ती भावाकडे पाहत नव्हती आणि नवऱ्याकडेही नव्हती. ती वाटीतली हळद बोटाने ढवळत होती, गुठळी नसताना.

पाय धुण्याचं कडवं असं होतं:

*मामा आला मामा गो, लांबच्या वाटंनं आला,*
*तांब्या द्या बापाला, पाट द्या मामाला.*

ते गायलं तर नामा गुजरातला. गाळलं तर कोंडाजी पालीला. त्याच्या पुढचं कडवं शेल्याचं. हळद लावताना नवऱ्याच्या डोक्यावर शेला धरतात, दोन टोकांना दोघे:

*शेला धरा शेला गो, ऊन लागं लेकराला,*
*एक टोक बापाला, दुसरं चुलत्याला.*

नेत्राने डोळे मिटले नाहीत. दादूकाकाचे दोन्ही हात वल्ह्यात अडकलेले तिने पाहिले. तिने विडा गालात सारला आणि आत्याने कधी न घेतलेला जोड घेतला.

*शेला धरा शेला गो, ऊन लागं लेकराला,*
*मामा आला मामा गो, लांबच्या वाटंनं आला,*
*एक टोक बापाला, दुसरं टोक मामाला.*

बायकांच्या घोळक्यातून ओळ लगेच उचलली गेली नाही. त्या जोडापाशी क्षणभर अडखळल्या. मग खांबापाशी आत्याने टाळी दिली, लयीची, बिनआवाजाची बाई देऊ शकते तेवढी ठणठणीत, आणि ओळ उचलली गेली. गायलं गेलं, आता माघार नाही.

नामा आणि कोंडाजी दोघांनीही हिशेब करून पाहिला असावा. तांब्या कुठे नव्हता, म्हणजे नामाला वाकायचं नव्हतं. नाव मात्र घेतलं गेलं होतं, भर मांडवात, लांबच्या वाटेसकट, म्हणजे कोंडाजीला रुसायला जागा नव्हती. दादूकाका सवयीने एक पाऊल पुढे आला, हातातलं वल्हं पाहिलं आणि मागे गेला. कोंडाजी रांगा ओलांडत आला. आईच्या हातातल्या वाटीकडे न पाहता त्याने शेल्याचं टोक धरलं. नामाने किल्ली खिशात टाकली आणि दुसरं धरलं. शेला फार रुंद नसतो. दोघांची नाकं एकमेकांपासून हातभर अंतरावर आली, आणि आता शेला सोडायची सोय नव्हती. खाली हळदीत पडला तर अपशकुन भाच्याला आणि लेकाला, एकाच पोराला.

"खाली येतोय तुजा हात," नामा म्हणाला. बारा वर्षांतलं ते पहिलं बोलणं.

"माजा सरल हाय. तू वढतोस."

"मी वढतोय? तवा कोन वढत व्हता?"

"तवा वढत नव्हता कुनी. तुजा ढकलत व्हता, मी तवाच बोल्लो."

"दर्याच्या अंगाला तुजा बैल व्हता, कोंडाजी. त्याला पवायचं व्हतं."

"पवायला त्याला कुनी ढकलला?"

धनेश शेल्याखालून म्हणाला की दोघांनी जरा वर धरा, डोळ्यांत गोंडा जातोय. दोघांनी एकदम वर धरला आणि पुन्हा बैलावर आले. कोंडाजी मध्येच म्हणाला, पण काय धावली होती रे गाडी. नामा म्हणाला, शेवटाला अशी धावलेली दुसरी मी बघितली न्हाय. मग त्यांचं पुन्हा ओढण्या-ढकलण्यावरून लागलं.

त्या हातांच्या खाली आई शिरली. हळद लावायचा पहिला मान आईचा. वर एका बाजूला नवऱ्याचा दंड, दुसऱ्या बाजूला भावाचा, आणि मध्ये पिवळ्या उजेडात ती वाकलेली. तिने धनेशच्या पायांना हळद लावली, गुडघ्यांना लावली, हातांना, गालांना. मग पुन्हा पायांपासून सुरुवात केली. रीत एकदाच लावायची असते. बाकीच्या सवाष्णी रांग धरून थांबल्या होत्या. सोनल डबा घेऊन उभी होती, ऊन उतरायला लागलं होतं, आचारी भातावर पाणी शिंपडत होता. धनेश पुटपुटला, आई, बस ना, कानात गेली. आईने त्याचा दुसरा कानही भरला.

रीतीप्रमाणे इथे धवलारणीने पुढचं कडवं घेऊन आईला बाजूला काढायचं आणि सवाष्णींना पुढे बोलवायचं. परेशने बँजोवर बोटं ठेवून नेत्राकडे पाहिलं. दादूकाकाने डोळ्यांनी विचारलं, हे खाली ठेवू का?

नेत्राने आईचे हात पाहिले. ते थांबले नव्हते.

दोनशे चौदांमध्ये एक कडवं असं होतं की त्यात कुणालाच काही काम नव्हतं. कुणी उठायचं नव्हतं, आणायचं नव्हतं, बसायचं नव्हतं. उतरवून घेताना नेत्राने त्याच्या समासात लिहिलं होतं, याचा उपयोग कळत नाही. ते तिने आता घेतलं, अगदी सावकाश, आणि संपल्यावर पुन्हा घेतलं.

*खाडीचं पानी गो, खाडीत चढतंय,*
*चढतंय नि उतरतंय, उतरून चढतंय.*